आळीतली कौलारू घरं: ठराव करून वाचवायची का?

पाखाडीवाला (धागाकर्ता)
दापोली तालुक्यातली समुद्राला लागून असलेली आमची आळी. चिऱ्याची जोती, पुढे खळं म्हणजे अंगण, मग ओटी-पडवी, मागे माड-पोफळीची वाडी. यातली बरीच घरं पडली आणि त्या जागी पार रस्त्याला टेकलेली तीन मजली लॉजिंगं उठली. आळीतल्या आम्ही काही जणांनी उरलेल्या घरांची मापं घेतली, फोटो काढले. पाडलेल्या घरांची धड कौलं आणि सागाचे वासे एका रिकाम्या गोठ्यात रचून ठेवलेत, ज्याला लागतील तो नेतो. आता ग्रामसभेत ठराव मांडायचाय: रस्त्याकडच्या घरांना उतरतं कौलारू छप्पर, तळमजल्यावर एकच मजला, खळं मोकळं. मागच्या बाजूला प्रत्येकाची मर्जी. मतं सांगा, विरोधातली आधी.

बारमाही
मग घ्या विरोधातलं. ठराव मांडणाऱ्यांपैकी जुलैत इथं किती जण असतात? माकडांची टोळी आढ्यावरून एकदा गेली की माजघरात पातेली मांडायची. कौलं परतायला माणूस मिळत नाही. मिळालाच तर हजेरी, जेवण, दोन वेळचा चहा, आणि वर तो म्हणणार, "या छापाचं कौल आता येत नाय." नव्या कौलाची खाच जुन्यात बसत नाही, मध्ये फट राहते, तिथून धार. मी स्लॅब टाकणार. ज्यांना कौलं बघायची हौस आहे त्यांनी माझ्या आईला पावसात शिडीवर चढून दाखवावं.

पागोळी
बारमाही, माकडांचं शंभर टक्के खरं. पण स्लॅब टाकला की सुटलो, असं नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर खारा वारा सळईला सोडत नाही. सळई फुगते, स्लॅबचे पोपडे पडतात, मग स्लॅब गळतो म्हणून त्याच्यावर पत्र्याची शेड. आपल्या बाजारपेठेत मान वर करून बघा, किती स्लॅबांवर पत्रे आहेत ते. दोनदा खर्च करून शेवटी छप्पर उतरतंच झालं ना?

बारमाही
आणि निसर्ग वादळ? ३ जून २०२०. कौलं पत्त्यासारखी उडत होती तेव्हा अख्खी आळी कुठं बसली होती? कोपऱ्यावरच्या स्लॅबच्या घरात. ठराववालेही तिथंच होते, चहा पीत.

पाखाडीवाला
होतो. म्हणूनच मागच्या बाजूला एक-दोन खोल्या स्लॅबच्या बांधायला ठरावात मोकळीक आहे, नीट वाचा. वादळात कौलं गेली, पण चिऱ्याच्या भिंती बहुतेक जागच्या जागी राहिल्या. पुढे कौलं आणि पत्रे मिळेनात तेव्हा लोकांनी ताडपत्रीखाली पावसाळा काढला. गोठ्यात कौलं साठवायचं तेव्हाच सुचलं.

चाकरमानी_डोंबिवली
तुमचं भांडण छपराचं, माझं त्याच्या आधीचं. आमच्या घराच्या आठच्या उताऱ्यावर (ग्रामपंचायतीच्या घर-नोंदीवर) आजोबांचं नाव. खाली वारस सत्तावीस, त्यातले काही परदेशात, दोघांत बोलणं बंद. दुरुस्तीला वर्गणी काढा म्हटलं की प्रत्येकाला आपला हिस्सा आठवतो, खर्च कुणालाच आठवत नाही. घर पडतंय ते लॉजवाल्यामुळे नाही, आमच्यामुळे. ठरावाने वारस एकत्र येणार आहेत का?

खालची_वाडी
इतका वेळ गप्प होतो. मोजलेल्या घरांची यादी पाहिली, सगळी वरच्या आळीतली. आमच्या वाडीतलं एकही नाही. आमच्या आज्यांची घरं मातीच्या भिंतींची, वर पेंढा. वारसा म्हणून ती कुणाला दिसली नाहीत. आणि ही मोठी दुघई घरं उभी राहिली ती कुणी खोताला मक्ता (खंड) म्हणून घातलेल्या भातावर? १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती, म्हणजे खोतांची सारावसुलीची वतनदारी, मोडायचं विधेयक मांडलं, कायदा यायला १९४९ उजाडलं. आमच्यासाठी पक्कं घर म्हणजे स्लॅब, तो आमच्या बापाने बोटीवर राबून टाकला. त्याला तुम्ही आळीचं रूप बिघडलं म्हणता.

आणि परंपरेचंच बोलायचं तर मंगलोरी कौल तरी कुठलं जुनं? मंगळुरात बासेल मिशन या युरोपी मिशनऱ्यांच्या संस्थेने कारखाना काढला १८६५ साली. त्याआधी इथं नळे (नळीची कौलं) आणि गवत. तेव्हाही कुणी म्हणालं असेलच की गावाची रया गेली.

गवंडीकाम
मी वादात पडत नाही, कामाचं सांगतो. जुनी घरं लोक दुरुस्तीतच मारतात. माती-चुन्यातल्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑईल पेंट. ओल आत कोंडते, चिरा आतून भुसभुशीत होतो, वाशाच्या टोकाला वाळवी. मग म्हणतात घर जुनं झालं. चुन्याचं काम येणारी माणसं आता हाताच्या बोटांवर. पोरं शिकायला तयार आहेत, पण वर्षभर काम कोण देणार?

फाईलवाला
ठरावावर एक शंका. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींची नियमावली आली. तिथल्या मालकाला न बांधता आलेल्या जागेचा टीडीआर (तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा हक्क) विकता येतो, म्हणजे बंधनाची थोडीतरी भरपाई. आपल्या आळीत टीडीआर घेणार कोण, कावळे? मोबदला न देता कुणाच्या जागेवर मजल्याची मर्यादा घातलीत तर पहिला नाराज मालक वकील गाठेल. त्यापेक्षा घरपट्टीत सूट मागा, घराच्या दोन खोल्यांत न्याहारी-निवास करणाऱ्याला मदत करा.

पागोळी
सूट मागायची तर मागू. पण तोवर आणखी चार खळी लॉजच्या पार्किंगखाली जातील. नियमाशिवाय विनंतीला इथं कोण विचारतो?

पाखाडीवाला
@खालची_वाडी, यादी वरच्या आळीपुरती राहू नये हे मान्य. मापाची टेप घेऊन रविवारी येतो, तुमच्यातलं कोण बरोबर येईल ते कळवा. छपराची अट ठरावातून काढायला मी तयार आहे. उंची आणि खळं, या दोन गोष्टी मात्र सोडणार नाही. @चाकरमानी, गणपतीत सगळे वारस गावात असतात. दीड दिवसाचा गणपती गेला की लगेच बैठक घेऊ, दुरुस्तीच्या संमतीपत्राचा मसुदा मी आणतो.

चाकरमानी_डोंबिवली
आणा. बैठक देवळात ठेवा, आमच्या ओटीवर नको. बोलणं बंद असलेले दोघे तिथं बसणार नाहीत.

खालची_वाडी
रविवारी भरती बघून या, सकाळी आम्ही जाळ्यावर असतो.

बारमाही
स्लॅबचा ॲडव्हान्स देऊन झालाय, दिवाळीनंतर काम सुरू. खळं सोडतोय, मजला एकच. माझी उतरवलेली कौलं हवी असतील तर गोठ्यात जागा करा, आणि उतरवायला माणसं तुमची.