शेडिंगला मराठीत काय म्हणायचं? आणि स्प्राइटला?

दोसुती
मंडळी, अडले आहे. आमच्या वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीत सहावी ते आठवीच्या मुलांना पिक्सेल आर्ट, म्हणजे संगणकावर एकेक चौकोनी घर रंगवून चित्र काढणं, शिकवायचं ठरलंय. मी स्वतः सहा महिन्यांपूर्वी शिकायला लागले, त्यामुळे माझी झेप मुलांच्या एक पान पुढे, इतकीच. बेत असा: १६ बाय १६ घरांत आंबा काढायचा, त्याला शेडिंग करायचं, मग त्यालाच हातपाय लावून चालवायचा. चार पानांची टिपणं लिहिली. शेडिंगला 'छायांकन' लिहिलं. छापण्याआधी एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना दाखवलं, तर त्यांनी लाल पेनाने खोडून समासात लिहिलं: "छायांकन कॅमेऱ्याने करतात." आमच्या बाई वस्तुचित्राच्या तासाला 'छायांकन करा' म्हणायच्या हे मला पक्कं आठवतंय. पुढच्या पानावर 'स्प्राइट' (गेममधलं हलणारं पात्र) होतं, तिथे नुसतं प्रश्नचिन्ह आणि "थंड पेय?"
डिदरिंग तर मी इंग्रजीच ठेवलंय. काही सुचवा. छपाई शुक्रवारी आहे.

पाटीपेन्सिल
सर बरोबर आहेत. छायांकन सिनेमाच्या श्रेयनामावलीत असतं. मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, दोन्ही वेळा 'शेड मार' हेच ऐकलं. पण आमच्या सरांकडे एक जोडी पक्की होती: छाया आणि पडछाया. तांब्याच्या अंगावर असते ती छाया, टेबलावर पडते ती पडछाया. दोन्हींना 'सावली' म्हटलं की ते पट्टी उचलायचे. तुझ्या आंब्याला दोन्ही लागतील. १६ घरांत पडछायेला तळाची एक ओळ पुरे.

शुद्धमती
'शेड मारणे' हे मराठी आहे का? रंग मारतो, फोन मारतो, चक्कर मारतो, आता शेडही मारतो. एकदा 'मारणे' लावलं की इंग्रजी नाम पवित्र होतं, असा समज दिसतो. 'छायाभेद' म्हणा. अर्थ लगेच कळतो: छायेचे भेद. दिनांक आणि महापौर हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज हसतं का कोणी?

आठबिट
महापौर रुजला कारण महापौराच्या दारावर पाटी लागली. इथे पाटी सॉफ्टवेअरची आहे, आणि ती इंग्रजी आहे. मुलं आसेप्राइट नाहीतर लिब्रेस्प्राइट उघडणार, त्यात पॅलेट, लेयर, फ्रेम असंच दिसणार. छायाभेद शिकून आलेलं पोर कुठलं बटण दाबेल?

शुद्धमती
शेडिंगचं बटण असतं का त्यात?

आठबिट
...आपोआप शेडिंग करणारं नसतं. मान्य. शेडिंग हातानेच करायचं असतं, एकेक घर भरत.

पाटीपेन्सिल
हा हा. शुद्धमतीताई १, आठबिट ०.

आठबिट
स्प्राइटचं मात्र सांगतो, ती कथा मस्त आहे. हा शब्द रूढ झाला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९७९ च्या टीएमएस ९९१८ या चिपमुळे. मागचं दृश्य एका जागी साठवलेलं, आणि हलणारं पात्र चिप वेगळं धरून त्यावर तरंगत ठेवायची. पात्र मागच्या चित्राला स्पर्शच करत नाही, ते पुढे सरकलं तरी खालचं चित्र शाबूत. म्हणून स्प्राइट, म्हणजे पऱ्या-भुतांतला एक प्रकार. अटारीवाले यालाच 'प्लेअर-मिसाइल' म्हणत, कमोडोरच्या माहितीपुस्तिकेत 'मूव्हेबल ऑब्जेक्ट ब्लॉक' असं सरकारी नाव. टिकलं भूतच.
आणि ते भुतासारखं वागायचंही. ८ बिट निन्टेन्डोत पडद्यावर एकूण ६४ स्प्राइट, पण एका आडव्या ओळीत फक्त ८. नववा आला की गायब. म्हणून गेम लिहिणारे त्यांना आळीपाळीने दाखवत, आणि गर्दी झाली की सगळे लुकलुकायचे. नव्वदीत आपण टीव्हीला जोडून जे कॅसेटवाले गेम खेळायचो ते त्याचीच नक्कल. आम्ही समजायचो कॅसेटमध्ये धूळ गेली. फुंकर मारायचो.

शुद्धमती
फुंकर 'घालायचो'.

माडाखाली
मी कुडाळकडचा, म्हणून राहवत नाही. आमच्या शेजारी पिंगुळीला ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या आहेत. मागे दिवा, पुढे पडदा, बाहुली पडद्यावर सरकते, पडद्याला काही होत नाही. आठबिट म्हणतायत ते हेच की! स्प्राइटला सरळ 'बाहुली' म्हणा. भूत कशाला? हवंच असेल तर 'सोंग' म्हणा. दशावतारात सोंग येतं, नाचतं, जातं, मागचा पडदा तोच.

दोसुती
'सोंग' आवडलं! "आंब्याचं सोंग चार फ्रेममध्ये चालवा." मुलं खूश होतील.

पाटीपेन्सिल
पालक नाही होणार. 'सोंगं करू नकोस' हे घराघरात रोज ऐकू येतं.

ताकभात
सोंगटी का नको? सारीपाटाच्या घरांत सरकते ती सोंगटी, पिक्सेललाही तुम्ही घरच म्हणताय. आणि सोंगटी म्हणजे छोटं सोंगच. राजाचं सोंग घेतलेला लाकडाचा तुकडा. माझी आजी असंच सांगायची.

शुद्धमती
आजींचा आदर राखून सांगते, हे कानाला जुळतं म्हणून जुळवलेलं आहे. हिंदीतलं स्वांग आणि आपलं सोंग एका घरातले, ते पटतं. पण सोंगटी त्यातून आली याला आधार काय? सारीपाटाच्या सोंगट्यांना ना तोंड ना डोळे. चार रंगांच्या सोळा सारख्या गोट्या. कुणाचं सोंग घेतलंय त्यांनी?

ताकभात
बुद्धिबळाच्या सोंगट्यांना असतं तोंड. घोड्याला तर नक्की.

शुद्धमती
बुद्धिबळात मोहरे आणि प्यादी. 'बुद्धिबळाची सोंगटी' हे अलीकडचं ढिसाळपण.

ताकभात
आमच्याकडे तीन पिढ्या सोंगट्याच म्हणतात. तीन पिढ्या अलीकडच्या असतील तर मी काय बोलणार.

आठबिट
मोल्सवर्थचा कोश बघा ना कोणीतरी. १८५७ ची आवृत्ती जालावर फुकट आहे.

ताकभात
मोल्सवर्थ साहेबाने माझ्या आजीला विचारलं नव्हतं.

पदर_काठ
सोंगट्या बाजूला ठेवून डिदरिंगबद्दल बोलू का? दोन रंगांची घरं बुद्धिबळाच्या पटासारखी आलटून पालटून भरायची, की लांबून तिसरा रंग भासतो. हेच ना? मग याला आपल्याकडे शब्द आहे आणि तो रोज अंगावर असतो: धूपछांव. पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. जांभळा नाही, हिरवा नाही, दोन्ही आहेत, आणि पदर हलला की तिसराच. माझ्या सासरी येवल्याकडे ही भाषा रोजची. बुट्टीही धागे मोजूनच येते. मुनियाची चोच किती धाग्यांची, हे विणणाऱ्याला तोंडपाठ.

आठबिट
सुंदर, पण एक फरक. धूपछांव साडी हलली की बदलते, डिदरिंग हलत नाही. डिदरिंग गरिबीतून आलंय. गेम बॉय या हातात धरायच्या गेमयंत्राला पडदा १६० बाय १४४, छटा एकूण चार, त्यातही स्प्राइटला तीनच, कारण चौथी पारदर्शक. मधली छटा हवी तर ठिपके पेरा. जुन्या टीव्हीची काच थोडी धूसर, ती ठिपके मिसळून द्यायची. आजच्या स्वच्छ पडद्यावर तेच ठिपके सुटे सुटे दिसतात.

पदर_काठ
गरिबी म्हणू नका हो. चार दोऱ्यांत काम भागवणं ही कला आहे.

दोसुती
माझं नाव दोसुती कापडावरूनच घेतलंय. आई त्यावर फुल्यांचं भरतकाम करायची, आलेखाच्या कागदावरून घरं मोजत. तिला माझा पिक्सेलचा आंबा दाखवला तर म्हणाली, "हे तर मी चाळीस वर्षं करतेय, फक्त तुझी सुई विजेवर चालते." धूपछांव लिहिते मग. पण १६ घरांच्या आंब्यावर डिदरिंग करून पाहिलं तर आंब्याला देवी आल्यासारखं दिसलं.

आठबिट
त्या मापाला करूच नये. ठिपक्यांना पसरायला जागा लागते, आकाश वगैरे. आंब्याला चार रंग बास. चित्र टाका इथे, बघू.

दोसुती
टाकलंय. हसू नका.

आठबिट
हसत नाही, सगळ्यांचं पहिलं असंच असतं. कडेने गोल गोल गडद आणि मध्यभागी फिकट झालंय. इंग्रजीत याला उशी-शेडिंग म्हणतात, कारण वस्तू उशीसारखी फुगलेली दिसते. उजेड कुठून येतोय तेच कळत नाही. आधी ठरवा: दिवा डावीकडे वर. मग फिकट डाग डाव्या खांद्यावर, गडद उजवीकडे खाली, आंब्याच्या चोचीपाशी. आणि कडेची रेषा बघा, पायऱ्या वेड्यावाकड्या आहेत: तीन घरं, एक घर, परत तीन. ४, २, १ अशी उतरू द्या, आपोआप गोल दिसेल.

माडाखाली
उशी-शेडिंग नको, 'फुगवटा' म्हणा. आणि आंब्याला चोच असते हे माहीत आहे म्हणजे आठबिट माणूस चांगला आहे.

पाटीपेन्सिल
माझी एक तक्रार. गडद करायला तू त्याच केशरीत काळा मिसळलायस. आंबा मळकट दिसतोय, मुंबईच्या गाडीवरचा. आमचे सर म्हणायचे, सावलीत काळा नाही, सावलीत दुसरा रंग असतो. गडद बाजू तांबूस कर, अगदी खोल कोपरा जांभळट, आणि उजेडाची बाजू पांढरट नको, पिवळसर.

आठबिट
यालाच हे लोक 'ह्यू शिफ्टिंग' म्हणतात, आणि इंग्रजीत त्यावर पानंच्या पानं आहेत. तुम्ही एका ओळीत सांगितलंत.

पाटीपेन्सिल
मी कुठे, प्रत्ययांनी सांगितलं. तांबूस, जांभळट, पिवळसर. रंगाला तोल जातो त्या दिशेचं नाव लावायचं. मुलांना हे सांग की गं, शब्द आयते आहेत.

शुद्धमती
आयते आहेत, पण एकसारखे नाहीत. '-सर' निर्मळ आहे: निळसर, लालसर, काळसर. '-ट' आला की नाक मुरडलेलं असतं: पिवळट दात, काळपट ओठ, पांढरट जीभ. मळकट, धुरकट, तेलकट तर त्याचेच भाऊ. सावलीला 'जांभळट' म्हणालात तर मुलांना वाटेल काहीतरी बिघडलंय.

ताकभात
आंबट? आंबटात कसलं नाक मुरडणं?

शुद्धमती
ती चव आहे, रंग नव्हे.

ताकभात
कैरी खाऊन बघा, तोंड मुरडतंच.

माडाखाली
हिरवट कैरी म्हटलं तर चालतं, हिरवट म्हातारा म्हटलं तर मारामारी. प्रत्यय तोच!

पदर_काठ
सहावीच्या टिपणात 'हिरवट' घालू नकोस गं बाई. आठवीतली मुलं खिदळत बसतील.

आठबिट
मला एक कळत नाही. पिवळट आहे, हिरवट आहे, जांभळट आहे, मग 'निळट' का नाही? निळसरच का? लालचंही तसंच. निळ्या-लालाने काय पुण्य केलंय?

शुद्धमती
निळा रंग आजारपणात क्वचितच दिसतो म्हणून असेल. पिवळा दिसतो, पांढरा दिसतो.

पाटीपेन्सिल
ताई, आता तुम्ही आजीसारखं जुळवताय.

ताकभात
धन्यवाद, पाटीपेन्सिल.

दोसुती
अहो, छपाई उद्या आहे. मी असं लिहिलंय: शेडिंग जसंच्या तसं, त्याखाली छाया आणि पडछाया वेगळ्या करून. डिदरिंगपुढे 'धूपछांव' एकदाच. स्प्राइटला 'बाहुली', 'सोंग' हे तोंडी सांगेन. सरांना परत दाखवलं. त्यांनी 'शेडिंग' खोडून 'छटाकाम' केलंय. हा शब्द त्यांनी कुठून आणला, विचारायचं धाडस झालं नाही.

शुद्धमती
छटाकाम! नक्षीकाम, जरीकाम, भरतकामाच्या रांगेत बसतो की. कोण आहेत हे सर?

आठबिट
बांधकामाच्या रांगेतही बसतो.

माडाखाली
'निळट' आहे हो. आमची आजी पाणी घातलेल्या दुधाला म्हणायची. "निळट दूध घालून गेला मेला."

शुद्धमती
आमच्याकडे त्या दुधाला नुसतं 'निळं' म्हणत. निळट मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही.

माडाखाली
तुमच्याकडे दूध कोण घालायचं?