एका लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) वीस मुलं, प्रॅक्टिकल कसं घ्यायचं?

मराठवाड्यातल्या कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. लेथला हात दोघांचाच लागतो, बाकीचे जर्नल उतरवून काढतात. एनपीटीईएलची (आयआयटी-आयआयएससीची ऑनलाइन) लेक्चर्स उत्तम आहेत, पण चकमध्ये (लेथच्या पकडीत) जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, घट्ट बसवणं व्हिडिओतून कसं येणार?

उत्तर: मॅडम, जवळच्या आयटीआयशी बोला. संध्याकाळी वर्कशॉप रिकामं असतं. आमचं प्राचार्यांच्या पत्रावर काम झालं.

उत्तर: गावाकडेही बघा. आयआयटी मुंबईचं ‘सितारा’ केंद्र १९८५ पासून ग्रामीण प्रश्नांवर काम करतंय. मुलांना नळयोजनेचा पंप मोजू द्या: हेड (पाणी किती उंच चढवतो), डिस्चार्ज (किती वेळात किती पाणी देतो), वीजबिल. पंप इतकी वीज का खातो हे त्यांनी स्वतः शोधायला हवं. ग्रामपंचायतीलाही अहवाल मिळतो.

प्रश्नकर्ती: हे फार पटलं! सरपंचांना उद्याच फोन करते. टर्मवर्कमध्ये (सत्रातल्या कामाच्या गुणांत) धरता येईल?

उत्तर: मिनी प्रोजेक्ट म्हणून विभागप्रमुखांची मंजुरी आधीच घ्या.