राज्यशास्त्र घेतलं, पण वर्गात राजकारण कुठाय?

चिवट_शंका:
पहिलं सत्र संपत आलंय. बातम्यांचं वेड आणि कुणाशीही वाद घालायची खोड, म्हणून राज्यशास्त्र मुख्य विषय घेतला. वाटलं होतं, वर्गात हेच चालेल. प्रत्यक्षात तीन आठवडे हॉब्ज, सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ! 'राज्य म्हणजे काय' यावर दोन अख्खे तास. पुढच्या सत्रात म्हणे संख्याशास्त्र.

काल निवडणुकीवरचा निबंध परत मिळाला. जीव ओतून लिहिला होता. समासात लाल पेनाने सात ठिकाणी एकच शब्द: 'कशावरून?' आणि खाली, 'मत आहे, युक्तिवाद नाही.' विषय बदलायची मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय. बदलू का?

सरळमार्गी:
बदल. ही पदवी घेऊन करणार काय, पुढारी होणार?

मागचा_बाक:
@सरळमार्गी, माझ्याबरोबरच्या एकाही मुलाने अजून निवडणूक लढवलेली नाही. दोघं वकिली करतात, एक पत्रकार आहे, मी जनमत पाहण्यांच्या प्रश्नावल्या तयार करतो. पुढारी व्हायला पदवी लागत नाही, हे तर आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं.

@चिवट_शंका, सात म्हणजे कमीच. माझ्या पहिल्या निबंधात सरांनी मोजायचंच सोडून दिलं होतं.

हॉब्जचा कंटाळा मलाही आला होता, कारण तारखा न बघता वाचत होतो. त्याचं 'लेव्हायथन' हे पुस्तक १६५१ चं. त्याआधी दोनच वर्षं इंग्लंडमध्ये राजाचा शिरच्छेद झालेला, यादवीने देश पोळलेला आणि हा गृहस्थ पॅरिसमध्ये परागंदा. वरचा धाक उठला की माणसं एकमेकांचा गळा धरतील, ही भीती त्याने पुस्तकातून उचललेली नव्हती. सगळी सत्ता एका राज्यकर्त्याच्या हाती द्या, हे त्याचं उत्तर मला आजही पटत नाही. पण का पटत नाही ते सांगायला मला आठ पानं लागली, आणि ती आठ पानं लिहिताना पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी शिकतोय.

खरी मजा दुसऱ्या वर्षी आली. सरांनी फळ्यावर फक्त आकडे लिहिले, देशाचं नाव नाही. एका पक्षाला जास्त मतं आणि ४३ जागा. दुसऱ्याला किंचित कमी मतं आणि ४७ जागा. तिसऱ्याला सुमारे २० टक्के मतं आणि जागा किती? ९२ पैकी २! आम्ही एका सुरात ओरडलो, "घोटाळा!" सर म्हणाले, "कशावरून?" (हा शब्द त्यांना नोकरीबरोबरच मिळत असावा.) घोटाळा कसला, न्यूझीलंडची १९८१ ची निवडणूक. मतमोजणी चोख. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून येणार, बाकीच्यांची मतं वाया, एवढाच नियम. १९७८ मध्येही जास्त मतं मिळवणारा पक्ष विरोधी बाकांवर बसला होता. शेवटी तिथल्या लोकांनी १९९३ मध्ये सार्वमताने नियमच बदलला. १९९६ पासून पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा. त्यानंतर एका पक्षाला एकहाती बहुमत मिळायला २०२० उजाडलं. लोक तेच, देश तोच, फक्त मतांच्या जागा करायची रीत बदलली. त्या तासानंतर 'जनतेने कौल दिला' हे वाक्य मी सुखाने वाचू शकलेलो नाही.

संख्याशास्त्राचा बाऊ करू नकोस. हजार लोकांच्या पाहणीत साधारण ३ टक्के इकडेतिकडे धरावेच लागतात. म्हणजे ४१ विरुद्ध ३९ ला 'आघाडी' म्हणणारा मथळा हवेतला. एवढं कळायला जेवढं गणित लागतं तेवढं तुला येईल.

आता कडू भाग. नुसत्या पदवीवर मी आठ महिने घरी बसलो. सोबत हाताला काहीतरी हवं: आकडेवारी हाताळणं, एखादी परकी भाषा, कायदा, काहीही. ते मी उशिरा शिकलो. आणि वादात जिंकण्याचीच हौस असेल तर खरंच बदल. या विषयात आपलीच लाडकी मतं सोलून निघतात.

पानाआड:
मी दुसऱ्या वर्षाला बदलला, अर्थशास्त्राकडे गेले. पश्चात्ताप नाही. पण एक सांगते, तिथेही 'कशावरून' सुटलं नाही. त्यापासून पळायला बदलणार असशील तर फुकट जाशील.

चिवट_शंका:
सगळ्यांचे आभार (सरळमार्गी, तुमचेही). रात्री निबंध पुन्हा काढला. पहिलं 'कशावरून' या वाक्यापुढे होतं: 'लोकांना बदल हवा होता.' न्यूझीलंड वाचल्यावर ते वाक्य मलाच बघवेना. कुठले लोक? किती? मतं वाढली होती की नुसत्या जागा? शोधलं तर मतं जेमतेम दीड टक्क्याने हललेली, जागा मात्र दुप्पट. म्हणजे माझा निबंधच उलटा होता.

सातपैकी तिनांना आता पुरावा आहे, दोन वाक्यं खोडली, दोन अजून लटकलीत. अर्ज भरलेला नाही. उद्या मॅडमना गाठते आणि विचारते, सुधारून दिला तर पुन्हा तपासाल का.

मागचा_बाक:
लटकलेली दोन इथे टाक. मॅडमच्या आधी मी विचारतो, कशावरून.