'द थिन मॅन' : हसवलं म्हणून उथळ ठरला का?

पानकिडा (धागा)

परवा एका लेखात वाचलं की १९३४ च्या 'द थिन मॅन' सिनेमानं डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीचं मातेरं केलं, कडवट पुस्तकाचा दारू आणि कुत्र्याचा खेळ करून टाकला. हे दोन ओळींत खोडण्यासारखं नाही, म्हणून लांबड लावतो.

हॅमेटची ही शेवटची कादंबरी. पुस्तक जानेवारीत आलं, सिनेमा मे महिन्यात. रहस्य म्हणून ती ढिलीच आहे. गायब झालेला संशोधक वायनंट ऑक्टोबरमध्येच मेलेला, गोष्ट घडते नाताळात, आणि मधल्या काळात त्याच्या नावानं येणाऱ्या पत्रा-तारांमागे त्याचा वकील मकॉली. निवृत्त गुप्तहेर निक हे सगळं उलगडतो कधी, तर खुनी हाती लागल्यावर, शेवटच्या प्रकरणात, एकट्या बायकोसमोर, नोरासमोर. वाक्यावाक्याला 'असं झालं असावं', 'बहुधा'. शेवटी नोराच म्हणते की यानं काही समाधान होत नाही.

हे पडद्यावर जसंच्या तसं उभं राहणार नाही. पकडापकडी उरकल्यावर दोन माणसं गप्पा मारत बसली तर प्रेक्षक टोपी उचलून निघेल. फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट या लेखक जोडप्यानं क्रमच फिरवला. सगळे संशयित एका जेवणाच्या टेबलावर, वेटरच्या वेषात पोलीस, आणि उलगडा अटकेच्या आधी. निक ठामपणे बोलतो, पण हे खरं का असं नोरानं हळूच विचारल्यावर ठाऊक नाही म्हणतो. पुस्तकातलं 'बहुधा' त्यांनी टाकलं नाही. तेच 'बहुधा' त्यांनी खुनी समोर बसलेला असताना वापरलं. याला उथळपणा म्हणणाऱ्यानं दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहावेत.

सदासाशंक

जेवणाचा प्रसंग उत्तम, मान्य. पण वायनंटच्या मुलीचं, डोरोथीचं काय झालं ते तुम्ही गाळलंत. पुस्तकात वायनंटची पूर्वीची बायको मिमी पोटच्या मुलीला इतकं मारते की पाठीवर वळ दिसतात. पडद्यावर तीच डोरोथी गोड मुलगी, बरोबर एक सज्जन वाग्दत्त वर, आणि शेवटी दोघं आगगाडीत सुखी. तिचा भाऊ गिल्बर्ट पुस्तकात नरमांसभक्षणाबद्दल विचारतो, निक त्याला आल्फर्ड पॅकरच्या जुन्या खटल्याचा मजकूर वाचायला देतो आणि हॅमेट तो कितीतरी पानं जसाच्या तसा छापतो. हे कुटुंब एकमेकांना खातंय, एवढंच त्याला सांगायचंय. सिनेमात गिल्बर्ट फक्त जाड चष्म्याचा विनोदी पोरगा. मातेरं म्हणतात ते यालाच.

मधलीरांग

सेन्सॉर होतं त्या काळी, काय करतील बिचारे?

सदासाशंक

सेन्सॉरचं निमित्त प्रत्येक वेळी पुढे करू नका. हॉलिवूडची आचारसंहिता १९३० पासून कागदावर होती, पण तिची कडक अंमलबजावणी जुलै १९३४ पासून. हा सिनेमा त्याआधी लागला.

पानकिडा

पॅकरचा मजकूर मला आजही भरताड वाटतो. कथा तिथे थांबते. डोरोथीबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे सिनेमा पातळ झाला. पण एका पात्रावरून अख्खा सिनेमा निकालात काढू नका.

शेकर

दारूचा विषय निघालाच आहे म्हणून. निकच्या पहिल्याच प्रसंगात तो बारमधल्या लोकांना शिकवतो की मॅनहॅटन कॉकटेल फॉक्सट्रॉट नाचाच्या तालावर हलवायची, ब्राँक्स टू-स्टेपवर आणि ड्राय मार्टिनी वॉल्ट्झवर. यातली फक्त ब्राँक्स बरोबर, कारण तिच्यात संत्र्याचा रस असतो. रस घट्ट, जिन पातळ. हलवल्याशिवाय एकजीव होत नाही. मार्टिनीत जिन आणि व्हरमूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाईन), दोन्ही स्वच्छ. ती ढवळायची. ६० मिली जिन, ३० मिली व्हरमूथ, भांडं बर्फानं काठोकाठ, लांब चमच्यानं ३० सेकंद, बर्फ न खळखळवता. हलवली की हवेचे बारीक बुडबुडे शिरून पेय गढूळ होतं आणि बर्फाचे कपचे सुटून पाणी वाढतं. पटकथेतली ही चूक ९० वर्षं लोक कौतुकानं सांगताहेत.

जुनीरीळ

चूक नाही. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचा बारमन हॅरी क्रॅडॉक, त्याचं १९३०चं पुस्तक उघडा. ड्राय मार्टिनी : दोन भाग जिन, एक भाग फ्रेंच व्हरमूथ, चांगली हलवा, गाळा. त्या काळच्या लंडनच्या सर्वांत नावाजलेल्या बारची ही कृती. आजचा नियम १९३४ च्या निकला कशाला लावता?

शेकर

छापलं म्हणून बरोबर होत नाही. पदार्थाचा गुणधर्म सालानुसार बदलतो का?

जुनीरीळ

चव बदलते. तुम्ही गढूळपणाला दोष म्हणता, पण बुडबुडे थोड्या वेळात विरतात. १०-१२ सेकंद हलवलं की जो गारवा येतो, तो ढवळून यायला मिनिटभर लागतं. पाणी जास्त होतं ते ओल्या, बारीक बर्फामुळे. फ्रीजरमधून थेट काढलेले मोठे कोरडे तुकडे घ्या, पाणी कमी मिसळेल. वॉल्ट्झ या तिघांत सर्वांत संथ, म्हणजे हात हळू आणि बर्फ कमी फुटणार. लेखकानं ताल उगाच निवडलेला नाही. आणि तेव्हाचे ग्लास इवलेसे, पेय कोमट व्हायच्या आत संपायचं. तसल्या लहान ग्लासला आज बारवाले 'निक अँड नोरा' म्हणतात.

शेकर

क्रॅडॉकचा मुद्दा घेतो, नाइलाजानं. निक त्याच्या काळात बरोबर होता. पण आज कोणी मार्टिनी हलवून दिली तर मी परत पाठवीन. आणि उघडलेली व्हरमूथची बाटली महिनोन्महिने कपाटात ठेवणाऱ्यांनी यावर बोलू नये. ती वाईनच आहे, फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर आंबूस होते. निम्म्या बिघडलेल्या मार्टिनींचं कारण हे, हलवणं-ढवळणं नंतर.

सदासाशंक

झालं? आता दारूचा अर्थ बघूया का? पुस्तक १९३२ च्या नाताळात घडतं, अमेरिकेत दारूबंदी चालू असताना. पहिलंच वाक्य निकला चोरट्या बारमध्ये उभं करतं. तो सकाळपासून पितो, कारण बायकोच्या पैशावर जगणाऱ्या निवृत्त गुप्तहेराला दुसरं काम उरलेलं नाही. ५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली आणि सिनेमात तीच दारू उत्सव झाली. तुमच्या तालाच्या चर्चेत नेमकं हेच बुडालं.

जुनीरीळ

'बुडालं' म्हणायची गरज नाही, विषय तुमच्या आवडीचा नसला म्हणून निरर्थक ठरत नाही. आणि काळोख सिनेमात आहेच, संवादांत शोधू नका, प्रकाशात शोधा. छायाचित्रण जेम्स वाँग हाउचं. निक आणि त्याचा कुत्रा ॲस्टा रात्री वायनंटच्या कारखान्यात शिरतात तो प्रसंग आवाज बंद करून बघा. हातातली बॅटरी, भिंतीवर लांब सावल्या, आणि मग जमिनीखालचं प्रेत. विनोदी सिनेमा असा उजळत नाहीत.

पानकिडा

हॅमेटची कादंबरी विनोदी करताना खरंच मातेरं झालेलं पाहायचं असेल तर १९३६ चा 'सेटन मेट अ लेडी' बघा. मूळ 'द माल्टीज फाल्कन', वॉर्नर ब्रदर्स कंपनीचा सिनेमा, बेटी डेव्हिससारखी नटी हाताशी. मूळच्या पक्ष्याच्या मूर्तीच्या जागी रत्नांनी भरलेलं शिंग, जाड्या खलनायकाच्या जागी बाई. तिथे खुनी, गुप्तहेर, बळी, सगळेच थट्टेवर, त्यामुळे कोणाच्या जिवाची काळजी वाटत नाही. पाच वर्षांत त्याच कंपनीला तीच गोष्ट गंभीरपणे पुन्हा करावी लागली. 'थिन मॅन'मध्ये विनोद फक्त निक आणि नोराच्या मालकीचा आहे. गुंड मोरेली पिस्तूल घेऊन शयनगृहात घुसतो तेव्हा त्याच्या वाट्याला एकही विनोद नाही. निक नोराला ठोसा मारून गोळीच्या वाटेतून बाजूला करतो आणि स्वतः जखमी होतो. त्या खोलीत भीती खरी आहे.

मधलीरांग

आणि कुत्रा? पुस्तकात ॲस्टा श्नाउझर जातीची मादी, सिनेमात वायर फॉक्स टेरियर नर. हा बदल कोणालाच खटकला नाही?

सदासाशंक

कुत्र्याचं मी सोडून देतो, ॲस्टाचं काम करणारा स्किपी छानच होता. मोरेलीचा प्रसंगही मान्य, तो पुस्तकातूनच जवळपास तसाच आलाय. पण डोरोथीच्या पाठीवरचे वळ पुसले ते पुसलेच. त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.