बर्फ पडतो म्हणजे नक्की काय होतं? अनुभव येऊद्या

मिनियापोलिसला हा माझा दुसरा हिवाळा. आई कोल्हापुरात, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बर्फाची प्रश्नपत्रिका असते. पहिला प्रश्न, "डोक्याला लागत नाही का रे?" कारण तिच्या डोळ्यासमोर वळवाच्या गारा. तिला म्हटलं अगं पिंजलेला कापूस खाली यावा तसा येतो, आवाज शून्य, उलट रात्रीत पडला की सकाळी रस्त्याचा आवाजच गायब होतो आणि त्या शांततेनंच जाग येते. दुसरा प्रश्न, पडताना थंडी मरणाची असेल ना? तर नाही. पडतो तेव्हा उणे दोन-तीन, ढगांचं पांघरूण असतं ना वर. खरी थंडी नंतर, आभाळ मोकळं झालं की. पहिल्या वर्षी झक्क ऊन बघून टोपीशिवाय बाहेर पडलो, उणे २२ होतं, नाकातले केस गोठतात हे तेव्हा कळलं.

तुमचेही अनुभव लिहा, आईला वाचून दाखवणारे.

----

स्टुटगार्टजवळ राहते. फोटोत बर्फ छान दिसतो, फावडं हातात आलं की कळतं. आमच्याकडे घरासमोरचा फुटपाथ सकाळी सातच्या आत साफ लागतो, भाडेकरूंच्या पाळ्या लावलेल्या. ताजा भुरभुरीत असेल तर १० सेंमी बर्फाचं जेमतेम १ सेंमी पाणी होतं, म्हणजे हलका. पण शून्याच्या आसपास पडलेला ओला बर्फ! कमरेचा काटा ढिला. मग मीठ टाकायचं. लहानपणी हाताने फिरवायच्या आइस्क्रीम पॉटमध्ये बर्फात खडेमीठ घालायचो ना, तेच शास्त्र, मिठाने बर्फ शून्याखालीही वितळतो. फार थंडीत मात्र, उणे दहाच्या खाली वगैरे, साधं मीठ जवळपास कामाचं नाही. आणि बुटांवर पांढरे डाग पडतात ते वेगळेच.

----

परदेशात नाही, केदारकंठा ट्रेकला गेलेलो डिसेंबरात. चहासाठी पातेलंभर बर्फ चुलीवर ठेवला, खाली दोन कप पाणी. एवढंच?? वर गाईड दादा ओरडले, नुसता बर्फ ठेवू नका, तळाशी थोडं पाणी घाला, नाहीतर भांडं करपतं. आणि ऊन बर्फावरून उलटं फिरतं, माझी हनुवटी खालून भाजलेली. गॉगल न घालता फिरू नका, डोळ्यांचे हाल होतात.

----

टोरांटो. पोरांना स्नोमॅन करायचा होता, हातात घेतला की सांडतोय. कोरड्या पिठाचा लाडू वळेल का? थोडा ओलसर बर्फच लागतो त्याला. शेवटी वाटीत भरून वर कोकम आगळ आणि साखर, गोळा तयार. (ताजा, स्वच्छ, वरवरचा घ्यायचा. पिवळा दिसला तर कुत्र्याला विचारा.)

----

पांढऱ्याला घाबरू नका, न दिसणाऱ्याला घाबरा. डांबरावर पातळ काचेसारखा थर असतो, रस्ता नुसता ओला वाटतो. मी पार्किंगमध्ये दोन्ही पाय वर. तेव्हापासून पेंग्विनसारखी चालते, लोक हसोत.

----

धागाकर्ता परत. आईला सगळं वाचून दाखवलं, कोकमवाली आवडली. नवा प्रश्न आलाय, फ्रीजमधला बर्फ काचेसारखा मग हा पांढरा का? म्हटलं खडीसाखर आरपार दिसते, दळली की पिठीसाखर पांढरीच ना? बारीक कणांवर उजेड सगळीकडे उधळतो.

"मग असं सांग की, मगाचपासून काय ते उणे-बिणे."