केस सांगताना विद्यार्थिनी मध्येच गप्प होते, तेव्हा काय करायचं?

ओंजळ:
समाजकार्य ऑनलाइन शिकवणाऱ्यांना विचारते आहे. मी व्यक्तिसहाय्यकार्य (केसवर्क, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत काम करून तिला मदत करणं) शिकवते. यंदा वर्गात 19 जण आहेत, सहा देशांतले. वेळेचं गणित कसंबसं जमवलं, पण खरी अडचण निराळीच निघाली.

मागच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी गृहभेटीबद्दल सांगत होती. नवरा मारतो, सासू दार लावून घेते, अशी केस. (तपशील बदललेत, ती कुठल्या देशातली तेही सांगत नाही.) बोलता बोलता तिचा आवाज एकदम खाली गेला. "मॅडम, नंतर सांगते," म्हणाली आणि माइक बंद केला. बाकीच्यांना वाटलं नेट गेलं. मला एकटीला चॅटवर ओळ आली: घरातले खोलीत आलेत. तिचं घर एका खोलीचं आहे. गोपनीयतेवर त्याआधी सलग दोन तास मीच बोलले होते, आणि ती पाळायला तिच्याकडे चार भिंतीसुद्धा नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरं म्हणजे, याच केसवर रोलप्ले घेतला तर एक जण म्हणाला, लगेच पोलिसांना कळवू. दुसरी म्हणाली, आमच्याकडे असं केलं तर ती बाई पुन्हा कधी दार उघडणार नाही. दोघंही मनापासून बोलत होते. मी काय शिकवायचं?

पायवाट:
मला हे फार उशिरा कळलं. आपण सगळ्यांना हेडफोन लावायला सांगतो. हेडफोनमुळे आपलं बोलणं तिच्या घरच्यांना ऐकू जात नाही, पण तिचं तर जातंच ना! म्हणजे केस घरभर होते ती तिच्याच तोंडून.

तेव्हापासून मी केस तोंडी सांगायला लावत नाही. प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीतल्या संवादाची लेखी नोंद, आधी मागवते: सेवार्थी (जिला आपण मदत करतो ती) काय म्हणाली, मी काय म्हणाले, तेव्हा मला आत काय वाटलं. नाव, वय, गाव, मुलांची संख्या सगळं बदलून. वर्गात ते मी वाचते किंवा दुसरा विद्यार्थी वाचतो. जिची केस ती ऐकते आणि चॅटवर उत्तरं देते. वर्गाचं रेकॉर्डिंग तेवढा वेळ बंद.

यात एक फायदा अनपेक्षित मिळाला. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं की "अगं, इथे मी तिला बोलूच दिलं नाही" हे विद्यार्थिनीला आपसूक कळतं. मला सांगावं लागत नाही.

जुनी वही:
पोलिसांच्या मुद्द्यावर बोलतो. एकच उत्तर शोधू नका, ताई. समाजकार्याची जागतिक व्याख्या 2014 साली मेलबर्नला मंजूर झाली, तिच्यातच सोय आहे की देश आणि प्रदेश पातळीवर तिचा विस्तार करता येईल. तत्त्व सामाईक, वाट ज्याची त्याची.

पण वाट म्हणजे मर्जी नव्हे, कायदा पाहावाच लागतो. एकाच देशात दोन नियम असू शकतात. भारतात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात मात्र कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, सक्ती नाही. न्यूझीलंडमध्ये तर मुलांच्या बाबतीतही सर्वसाधारण सक्ती नाही.

म्हणून मी सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाकडून एक पान लिहून घेतो: तुमच्याकडे कोणाला कळवायचं, फोन कोण उचलतं, आणि पुढच्या 24 तासांत त्या बाईचं प्रत्यक्षात काय होतं. शेवटचा प्रश्न आला की वर्ग शांत होतो. बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो. मग ते स्थानिक पर्यवेक्षकाला जाऊन विचारतात, आणि खरं शिक्षण तिथे होतं. तुमचे ते दोघं भांडत नव्हते. फोननंतर आपापल्या गावात काय घडतं ते सांगत होते.

दुसरा तास:
एक छोटी गोष्ट. युरोपात बहुतेक ठिकाणी घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, अमेरिका आणि कॅनडात बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या दिवसांत एकेकटी भेट ठरवलीत तर वेळ दोनदा तपासा. धीर करून बोलायला आलेल्या मुलीला रिकाम्या स्क्रीनसमोर बसावं लागू नये.

ओंजळ:
पायवाट, हेडफोनची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. आज तिला लिहिलं, की केस लेखी दे, वर्गात बोलू नकोस. तिने लगेच साडेतीन पानं पाठवली. सेवार्थीच्या वाक्यांना अवतरणचिन्हं आहेत, तिच्या स्वतःच्या वाक्यांना नाहीत, आणि शेवटच्या पानावर ही दोन्ही वाक्यं एकमेकांत मिसळलीत. कोणती कोणाची, ते मला वाचून ओळखता येईना.

त्यामुळे वर्गात वाचायच्या आधी तिच्याशी एकटीशी बोलायचं ठरवलंय. सकाळी सहाला घरातले बाहेर जातात, तेव्हा 25 मिनिटं मिळतील म्हणाली. माझ्याकडे तेव्हा पहाटेचे चार असतील. गजर लावून ठेवलाय.

जुनी वही, ते एक पान या वेळी मी स्वतःही लिहिणार आहे. फोन कोण उचलतं ते उद्या विचारून येते.