वॉटसन नसता तर सांगितलं कोणी असतं?

अण्णाकाका: सगळ्यांना एक प्रश्न. सिनेमा, पुस्तक, मालिका, काहीही चालेल. दोन पुरुषांची तुमची सगळ्यात आवडती मैत्री कोणती? एकच सांगायची. माझं उत्तर जय-वीरू. विषय संपला.

शैलामावशी: संपलाच असेल तर विचारलंत कशाला, अण्णा?

ओम: अण्णाआजोबा, माझे नारुतो आणि सासुके.

अण्णाकाका: हे कोण?

ओम: जपानी कार्टूनमधले. एक जण गाव सोडून वाईट मार्गाला लागतो. दुसरा त्याला परत आणायला वर्षानुवर्षं धडपडतो. शेवटी दोघं एकमेकांशी लढतात आणि दोघांचाही एकेक हात जातो.

अण्णाकाका: आणि हे मित्र?

ओम: पक्के.

ताई: ओम, जेवायला ये आधी. काका, मी विचार करून सांगते.

वहिनी: माझे जोई आणि चँडलर. ‘फ्रेंड्स’चा शेवटचा भाग आठवा, २००४ चा. कोंबडीचं आणि बदकाचं पिल्लू त्यांच्या त्या फुसबॉलच्या टेबलात अडकतं. टेबल फोडल्याशिवाय बाहेर येणार नाही. इतकी वर्षं दोघं त्याच्यावर खेळलेत. फोडायला उभे राहतात खरे, पण दोघांचाही हात उठत नाही. मग मोनिका पुढे होते आणि टेबलाचा भुगा करते. पिल्लं वाचली आणि मी रडले. एका टेबलासाठी! तुझा दादा अजून चिडवतो मला.

शैलामावशी: चिडवू दे. जे तोंडाने म्हणता येत नाही ते टेबलाच्या नावाने चालतं. पुरुषांचं सगळं असंच, काहीतरी मध्ये लागतं. टेबल, पत्ते, गाडीचं इंजिन.

अण्णाकाका: नाणं म्हणा ना, शैलाताई! मी तेच म्हणतोय. जय प्रत्येक वेळी नाणं उडवतो, वीरूला वाटतं नशीब ठरवतंय. पुलावर नाण्याचा कौल म्हणून वीरू बसंतीला घेऊन निघतो आणि जय मागे थांबतो. तो गेल्यावर कळतं की नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच. म्हणजे आजवरचे सगळे निर्णय जयनेच घेतलेले. १९७५ पासून बघतोय, अजून त्या जागी आवंढा येतो.

मी: काका, मला त्याच्यापेक्षा जय मौसीकडे वीरूचं स्थळ घेऊन जातो तो प्रसंग आवडतो. मित्राची बाजू मांडायला गेलाय आणि एकेक अवगुण असा शांतपणे, सभ्यपणे उलगडतोय की मौसीने हाकलूनच द्यावं. मैत्री पुलावर दिसतेच. पण मित्राची इतकी निवांत वाट लावायला जवळीक लागते.

अण्णाकाका: मान्य. पण उत्तर काय तुझं?

मी: गुप्तहेर शेरलॉक होम्स आणि त्याचा मित्र वॉटसन. जरा लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न गोष्टी आहेत. जवळजवळ सगळ्या वॉटसनने सांगितल्यात. आपल्याला वाटतं होम्स हुशार आणि वॉटसन बावळट. सिनेमावाल्यांनी तर त्याला बऱ्याचदा विदूषकच केलं. पण तो सैन्यातला डॉक्टर आहे, अफगाणिस्तानात गोळी खाऊन आलेला. आणि होम्स आवडण्यासारखा आहे हे आपल्याला कळतं ते वॉटसनमुळे. १९२६ मध्ये त्यांचा लेखक डॉयल याने दोन गोष्टी चक्क होम्सच्याच तोंडून सांगायला लावल्या. वाचून बघा. रहस्य आहे, हुशारी आहे, सगळं जागच्या जागी आहे, आणि तरी आळणी लागतात. पहिल्या गोष्टीत होम्स स्वतःच कबूल करतो की वॉटसनची पद्धत उगाच नव्हती. तिथेच तो कुरकुरतो की वॉटसन लग्न करून मला सोडून गेला, आमच्या एवढ्या सहवासात त्याने केलेली ही एकच स्वार्थी गोष्ट.

आणि एक प्रसंग. तीन गॅरिडेबांच्या गोष्टीत वॉटसनच्या मांडीत गोळी घुसते. होम्स धावतो, त्याला धरून खुर्चीत बसवतो, चाकूने विजार फाडून जखम बघतो. वरवरची असते. मग गोळी झाडणाऱ्याला सांगतो की वॉटसन मेला असता तर तू या खोलीतून जिवंत बाहेर पडला नसतास. होम्सच्या डोळ्यांत त्या वेळी जे दिसलं त्यासाठी एक काय, अनेक जखमा परवडल्या, असं वॉटसन लिहितो. एवढ्या वर्षांच्या सोबतीत होम्सचं मन त्याला असं उघडं दिसलं ते त्या एका क्षणी.

ओम: मामा, हा मेसेज नाही, निबंध आहे.

मी: सरकायला सांगितलं होतं ना!

बाबा: आमचं मत कोणी विचारत नाही, तरी देतो. कर्ण आणि दुर्योधन.

शैलामावशी: भाऊजी, ती मैत्री कसली? ते कर्ज. रंगभूमीवर कर्णाला कूळ विचारलं तेव्हा दुर्योधनाने तिथल्या तिथे अंगदेशचं राज्य दिलं, कारण त्याला अर्जुनाच्या तोडीचा कोणीतरी हवाच होता. बिचारा कर्ण जन्मभर हप्ते फेडत राहिला.

बाबा: सुरुवात तशीच असेल. शेवट बघ ना. उद्योगपर्वात कृष्ण त्याला खरं काय ते सांगतो. तू कुंतीचा थोरला, चल, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो. आणि वर काय म्हणतो? हे युधिष्ठिराला सांगू नकोस, कारण त्याला कळलं तर तो राज्य माझ्या हवाली करेल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकेन. हप्ते फेडणारा माणूस असं बोलत नाही, शैला. त्याला ठाऊक आहे दुर्योधन हरणार, ठाऊक आहे की त्याची बाजू चुकीची. तरी जाणार.

शैलामावशी: चुकीचं आहे हे माहीत असून मित्राला थांबवलं नाही, उलट द्यूतसभेत द्रौपदीला नाही नाही ते बोलला. असा मित्र असण्यापेक्षा नसलेला बरा. तुमचं ते ‘मृत्युंजय’ वाचून अख्ख्या पिढीला कर्ण धुतल्या तांदळासारखा वाटायला लागला.

बाबा: त्यात दुर्योधनाच्या तोंडचाही भाग आहे. तो परत वाच. कर्णाबद्दल दुर्योधनाला काय वाटायचं ते त्याच्याकडून ऐकताना तरी तुझं मन जरा पाघळेल.

शैलामावशी: पाघळलं नव्हतं. १९६७ ची आवृत्ती आहे माझ्याकडे. आणि अण्णा, मैत्रीचे सिनेमे म्हणाल तर ‘संगम’ आठवून माझं डोकं फिरतं. दोन मित्र, एक बाई. गोपाळ मित्रासाठी मागे सरतो, शेवटी मित्रासाठी स्वतःला गोळी घालून घेतो. केवढा त्याग! अहो, पण जवळजवळ चार तासांत राधेला कोणी विचारलं का की बाई, तुझं काय म्हणणं आहे? दोघांनी आपसांत तिची देवाणघेवाण केली आणि त्याला मैत्री म्हणून टाळ्या वाजल्या.

वहिनी: मावशी 👏👏

ताई: मावशीला शंभर टक्के अनुमोदन.

अण्णाकाका: बरं, ‘संगम’ रद्द. जय-वीरू राहू दे.

ताई: आता माझं. मी मागे मागे जात राहिले आणि गिल्गामेशपाशी पोचले. मातीच्या विटांवर लिहिलेली मेसोपोटेमियातली प्राचीन गोष्ट, बारा विटांची. राजा गिल्गामेश आणि रानातला एनकिडू. पहिली भेट म्हणजे मारामारी, उंबऱ्यातच. ओम, तुझ्या नारुतोवाल्यांनी काही नवीन शोधलेलं नाही. मग दोघं मिळून राक्षस मारतात, स्वर्गातला बैल मारतात आणि देव चिडून एनकिडूला आजाराने मारतात. गिल्गामेश सहा दिवस सात रात्री प्रेत पुरू देत नाही. त्याला वाटतं आपल्या रडण्याने तो उठेल. शेवटी एनकिडूच्या नाकातून अळी पडते तेव्हा तो भानावर येतो.

वहिनी: बाप रे, अळी.

ताई: ती अळीच मला विसरता येत नाही. एवढा मोठा राजा, एवढं महाकाव्य, आणि तिथे एक अळी. पुढे तो मरणावर उपाय शोधत जगभर भटकतो, तो मिळत नाही, आणि रिकाम्या हाताने परत येऊन आपल्या शहराची तटबंदी बघतो. आणि सुरुवातीलाच म्हटलंय की हे सगळे हाल त्याने दगडावर कोरून ठेवले. आत्ता दादूचं वॉटसन वाचलं आणि एकदम डोक्यात आलं. इथेही मागे राहिलेलाच सांगतोय.

मी: अगं हो! हॅम्लेटमध्येही तेच. त्याचा मित्र होरॅशिओ उरलेलं विष प्यायला निघतो, मरता मरता हॅम्लेट त्याच्या हातातून पेला काढून घेतो. मरू नकोस, माझी गोष्ट सांगायला थांब.

ओम: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले फ्रोडो आणि सॅम!!! सॅम त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढतो हे सगळ्यांना माहितीये, पण पुस्तकात शेवटी फ्रोडो जहाजाने कायमचा जायच्या आधी लाल वही सॅमला देतो. सगळी कहाणी लिहून झालेली असते, पण मागची काही पानं कोरी. म्हणतो, ती तुझ्यासाठी.

ताई: तू पुस्तक वाचलंस? कधी?

ओम: गणिताच्या सुट्टीत.

ताई: गणिताची सुट्टी म्हणजे काय?

ओम: 🙈

अण्णाकाका: थांबा, थांबा. मग ‘आनंद’ घ्या ना! १९७१. सिनेमा सुरूच होतो तो डॉक्टर भास्करच्या पुस्तकाला बक्षीस मिळतं तिथून. पुस्तक कोणावर? आनंदवर. म्हणजे सगळा सिनेमा बाबूमोशायने सांगितलेला. हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात कसं नाही आलं!

मी: आणि शेवटी उलटं होतं बघा, काका. आनंद गेलेला असतो, भास्कर त्याच्यावर ओरडतो की बोल माझ्याशी, आणि टेपवर आनंदचाच आवाज येतो. सांगणारा एकदाचा गप्प आणि गेलेला बोलतोय.

वहिनी: जोई-चँडलरची गोष्ट कोणीच सांगत नाही. तरी माझे तेच.

शैलामावशी: तू तुझ्या मतावर ठाम राहा. हे सगळे मेलेल्या मित्रांमागे लागलेत. कोणी जिवंत राहिलेलं चालत नाही का यांना? चौघं मित्र घर मिळावं म्हणून खटपट करतात, दोघं बायका होतात, तो परशुराम पार्वती होऊन पदर सावरत बसतो. ‘बनवाबनवी’त कोणी कोणासाठी मरत नाही. भाडं मात्र मिळून भरतात. मला तर हीच मैत्री खरी वाटते.

अण्णाकाका: धनंजय माने इथेच राहतात का?

वहिनी: 😂😂

बाबा: मूळ हृषीकेश मुखर्जींचा. ‘बीवी और मकान’, १९६६. ‘आनंद’वालेच.

शैलामावशी: बघा. एकाच माणसाने दोन्ही केलं. मला मकानवालं आवडतं.

बाबा: खरंखुरं सांगू का? लॉरेल आणि हार्डी. पडद्यावर एकमेकांना शिडीवरून पाडायचे. हार्डी १९५७ मध्ये गेला. लॉरेल पुढे साडेसात वर्षं जगला, पण पुन्हा कधी काम केलं नाही. १९६१ मध्ये मानद ऑस्कर दिलं तेव्हाही घ्यायला गेला नाही. बरोबरचा नाही म्हटल्यावर कोणासमोर डोकं खाजवत उभं राहायचं?

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

अण्णाकाका: दादा, एकच सांगायची असं ठरलं होतं. तुझी दोन झाली.

बाबा: तिसरीही आहे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ.

शैलामावशी: ते नात्यातले. नियमात बसत नाही.

बाबा: नात्यातला म्हणून कोणी इतकं सोसत नाही. चिमणराव भित्रा, किडकिडीत, प्रत्येक वेळी स्वतः घोळ घालणार आणि गुंड्याभाऊ दंड फुगवून निस्तरायला हजर. दूरदर्शनवर प्रभावळकर आणि बाळ कर्वे. कर्वे नुसते दारात उभे राहिले तरी दार भरायचं. आणि तुमच्या त्या नियमातही बसतं. सगळं चिमणरावच सांगतो.

मी: बाबा, होम्सने स्वतः लिहायला घेतलं तशी एखादी गोष्ट गुंड्याभाऊने लिहिली असती तर?

बाबा: तीन वाक्यांत संपली असती. चिमण अडकला. मी गेलो. सोडवला.

ओम: मला हीच वाचायला आवडली असती.